उकिडवं बसायचे दिवस

जंभेरीची साल सुटली की आत्याचा फोन येतो. यंदा थंडी लवकर पडली आणि फोनही लवकर आला. मी अमरावतीला शिकते, तिथल्या खोलीच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पलीकडून ना हॅलो, ना कशी आहेस.

"साल सुटली वं. येतं का?"

"येते," मी म्हटलं. पुढचा प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला. आत्या, तू बसतेस का? उकिडवी बसतेस का? गेल्या हिवाळ्यापासून आमच्या घरात सगळ्यांच्या मनात एवढा एकच प्रश्न आहे, आणि कुणीच तो फोनवर विचारत नाही. आत्याही आपणहून सांगत नाही. तिने फोन ठेवला. मी ओला टॉवेल हातात घेऊन बराच वेळ उन्हात उभी राहिले. अमरावतीचं डिसेंबरचं ऊन असं असतं की पाठीला लागलं की माणूस जागचा हलत नाही.

साल सुटणं म्हणजे काय, ते सांगते. जंभेरी हे आंबट, रानवट लिंबू. त्याची मुळं काळ्या मातीत घट्ट धरतात. संत्र्याची धरत नाहीत. म्हणून चांदूर बाजारकडच्या रोपवाटिकांमध्ये खाली जंभेरी लावतात आणि तिच्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा म्हणजे काडीवरची बारीकशी कळी. थंडीच्या काही आठवड्यांत जंभेरीच्या खोडावर चाकूचं टोक टेकवलं की साल लाकडापासून अलगद उचलते. तिच्याखाली तो डोळा सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. मागाहून पट्टी सोडली आणि डोळा हिरवाच दिसला, की झाड लागलं. पुढची पंचवीस-तीस वर्षं कुणीतरी त्याची संत्री खाणार.

हे सगळं काम जमिनीपासून वीतभर उंचीवर चालतं. उभं राहून होत नाही, वाकून होत नाही, खुर्चीवर बसून तर नाहीच. दिवसभर उकिडवं बसायचं आणि बसल्या बसल्याच एका रोपावरून दुसऱ्यावर सरकायचं. माझी आत्या, वत्सला, हे काम लग्न होऊन चांदूर बाजारजवळच्या गावी गेली तेव्हापासून करते. दीड एकर कोरडवाहू आहे, मुलगा पुण्याला कंपनीत आहे, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. पण तिला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ती शेत सांगत नाही, मुलगा सांगत नाही. ती म्हणते, "डोये बांधतो."

लहानपणी मला वाटायचं, सगळ्या बायका अशाच बसतात. खरंच बसतात की! भाकर थापायला, निंदायला, भांडी घासायला, शेंगा सोलायला, मोर्चात पोलिसांनी अडवलं की रस्त्यावर. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा लिहीत, छापून आणत, आणि मी ती अकोल्याच्या बसस्टँडवर वाटत मोठी झाले. तेव्हा एका पत्रकासाठी मी एक ओळ लिहिली होती: जगाचा कारभार खुर्चीवर बसून चालतो, पण जगाचं पोट उकिडवं बसून भरतं. बाबांनी ती कापली. म्हणाले, घोषणा बरी आहे, पुरावा कुठे आहे? पुरावा मला गेल्या वर्षी मिळाला, आणि तो असा मिळावा असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

रानडुकरांचा त्रास आमच्या भागात सगळ्यांना आहे. एका रात्रीत हरभरा नांगरून टाकतात. त्यावर लोकांनी उपाय काढलाय साड्यांचा. घरातल्या जुन्या साड्या काठ्यांना बांधून वावराभोवती कुंपण करायचं. वाऱ्याने फडफडतात, डुक्कर बिचकतं म्हणे. डुकरांचं यावर काय मत आहे ते अजून कळलेलं नाही. पण डिसेंबरमध्ये चांदूर बाजारच्या रस्त्याने एसटीतून जाताना जी शोभा दिसते तिला तोड नाही. मैलोगणती लाल, मोरपंखी, हळदी, जांभळी वावरं. कुणाची तरी बारशाची साडी, कुणाची लग्नातली, कुणाची पोलक्याच्या कापडासकट. सगळ्या गावाची कपाटं जणू उघड्यावर येऊन उभी राहतात.

अशाच एका संध्याकाळी, सूर्य बुडत असताना, आत्या आपल्या हरभऱ्याच्या कडेला सैल झालेली एक साडी काठीला पुन्हा बांधत होती. अर्थातच उकिडवी बसून. अंगावर जुनी हिरवी साडी. शेजारच्या वावरात पुंडलिकभाऊ होते. त्यांच्याकडे वडिलांपासूनची परवान्याची छर्ऱ्यांची बंदूक. त्यांना साड्यांच्या रांगेत एक साडी खालून हलताना दिसली. डुक्कर साडीखालून घुसतंय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी चाप ओढला.

आत्या हे सांगते तेव्हा स्वतःच हसते. "एवढ्या साड्या होत्या बाप्पा, त्यातली एकच जिती होती. अन् यानं नेमकी तीच धरली!"

तेव्हा मात्र कुणी हसत नव्हतं. पुंडलिकभाऊंनीच तिला उचललं. त्यांच्याच जीपमध्ये पालथी घालून अमरावतीला आणलं. मी दवाखान्यात पोचले तर ते बाहेरच्या पायरीवर बसलेले, सदऱ्याला रक्त, हात मांडीवर उपडे. मी त्यांना ओलांडून आत गेले. आत आत्या पालथीच होती. मला म्हणाली, "पाय कुठं गेले वं माहे? पाय तर, हायेत का?"

पाय होते. मी हात लावला. तिला कळलं नाही.

त्या आठवड्याचं मला जे आठवतं त्यात भीती आहेच, पण भीतीपेक्षा जास्त आवाज आठवतात. वॉर्डातली ट्रॉली, बाहेर ऑटोवाल्यांची भांडणं, आणि रोज सकाळी डॉक्टरांचं तेच एक वाक्य, "अंगठा वर करा." डॉक्टर दर्यापूरकडचे. रागावले की शुद्ध बोलत, खुशीत असले की आमच्यासारखं. पहिल्या सकाळी उजव्या पायाचा अंगठा जरासा थरथरला. डावा दगडासारखा. डॉक्टरांनी टाचणीच्या टोकाने पायभर टोचून पाहिलं. कुठे कळतं, कुठे कळत नाही, ते पेनाने कातडीवरच रेघ मारून ठेवलं. "ही रेघ उद्या खाली सरकली पाहिजे," ते म्हणाले. मग रोज आम्ही डॉक्टरांच्या आधी ती रेघ बघायचो.

पोलीस आला तेव्हा गावातले दोन शहाणेही आले. बंदुकीची जखम म्हटली की दवाखाना पोलिसांना कळवतोच. शहाण्यांपैकी एक बाबांच्या कानाशी लागला. "तारेच्या कुंपणावर पडली म्हणा न दादा. गावचं नाव जाते. पुंडलिक वाईट माणूस नाही."

मी तिथेच उसळले. दडपून ठेवणं, गावची अब्रू, कुणाच्या जिवावर कुणाची अब्रू, असं बरंच काही मी बोलले. आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"थांब," आत्या उशीत तोंड असतानाच म्हणाली. "तुह्यं भाषण मंग. भाऊ, लिवा तुमी. गोळी लागली. पुंडलिकभाऊच्या बंदुकीची लागली. त्यायनं डुक्कर समजून मारली. तिन्ही लिवा. एकही सोडू नोका."

"तिन्ही लिहितो, बाई," शिपाई म्हणाला.

इतकी सरळ मागणी मी कुठल्या सभेत ऐकली नव्हती. खरं सगळंच लिहायचं. कुणाला वाचवायला कमी नाही, कुणाला बुडवायला जास्त नाही. केस अजून चालू आहे. चालू दे. तिने जे सांगितलं ते कागदावर आहे.

जखम साफ केली, मेलेलं मांस काढलं, धनुर्वाताचं आणि जंतू मारण्याचं इंजेक्शन दिलं. कातडीखालचे छर्रे निघाले. एक मात्र कंबरेच्या मणक्याला चाटून आत जाऊन बसला होता. सीटी स्कॅनच्या फिल्मवर तो पांढऱ्या ज्वारीच्या दाण्यासारखा दिसला. चुंबकाच्या मोठ्या मशीनमध्ये घालायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, कारण छर्रा कशाचा आहे कोण जाणे. आणि मग म्हणाले, "हा राहू द्यायचा."

आई रडायला लागली. मी विचारलं, "का?" डॉक्टरांनी फाइलच्या पाठीवर पेनाने चित्र काढलं. पाठीच्या कण्यातली मोठी दोरी वर कमरेपाशी संपते, खाली तिचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका होतो. छर्ऱ्याने मणक्याचा टवका काढला आणि झुपक्याला धक्का दिला. दोरी तुटलेली नाही.

"मणका पक्का आहे, डुगडुगत नाही. आतलं पाणी गळत असतं, जखमेत जंतू धरला असता, पायाची ताकद रोज उतरत असती, तर मी आजच उघडलं असतं," ते म्हणाले. "यांचं उलट आहे. रेघ खाली जाऊन राहिली. आता तो दाणा शोधायला मी हात घातला, तर ज्या नसा वाचल्या त्याच माझ्या हाताला लागतील. इजा त्यानं जाताना केली. आता तो नुसता बसला आहे."

"बसला हाय म्हणता?" आत्या पालथीच. "मले सांगा, मी बसीन का? उकिडवी?"

डॉक्टर तिच्या डोक्याशी आले आणि वाकले. "चालाल असं वाटतं. काठी घेऊन. उकिडवं..." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ते आज सांगत नाही."

"चालणं काय," आत्या म्हणाली. "बकरीही चालते."

अकोल्याला आमच्या घरी आणलं तिला, कारण व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. पुढच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात खाट टाकली. तिचा मुलगा सुट्टी मिळेल तसा पुण्याहून येऊन जायचा. ते दिवस आठवले की मला अजून तुरीच्या शेंगांचा वास येतो. आई खाटेपाशी बसून सोले, म्हणजे हिरवे दाणे, काढायची, आत्या पडल्या पडल्या सूपभर शेंगा फोडायची. तिला कुशीवर वळवायचं तर आधी शिकावं लागलं. खांदे, कंबर, पाय एकदम, अख्खा ओंडका वळवतात तसं, मध्ये पीळ पडू द्यायचा नाही. मी आणि आई दोन बाजूंना. "एक, दोन, हं." तिकडून आत्या, "बैलगाडीत भरून राहिले का मले?" रात्रंदिवस ठरल्या वेळी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. आमचं घर घड्याळावर चालायला लागलं. ज्या घरात सभेला नेहमी उशीर व्हायचा त्या घराची ही गोष्ट आहे.

आणि भेटायला येणारे! आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आपली रीत. त्यामुळे बिस्किटांच्या पुड्यांची भिंत झाली आणि नारळपाणी पिऊन पिऊन आम्ही सगळे थंड झालो. प्रत्येकाचा प्रश्न एकच. "छर्रा काढला का?" नाही म्हटलं की चेहरा पडायचा. मग सल्ले. बाळापूरचा कुणी माणूस लेप लावून लोखंड बाहेर ओढतो. कुणाच्या साडूच्या पायातून काटा असाच निघाला होता. शेजारचे काका तर जुन्या स्पीकरचं चुंबक कागदात गुंडाळून घेऊन आले.

बाबा दारातच आडवे आले. "काका, छर्रा शिशाचा असेल तर चुंबकाला चिकटत नाही. अन् लोखंडाचा असेल, तर मी तुम्हाला गल्लीतही येऊ देणार नाही."

"अहो, लावून तर पाहू द्या."

"येऊ दे न दादा त्याले," आत्या आतून ओरडली. "निघाला तर अर्धा तुले देतो, भाऊ!"

शेवटी आम्ही ज्यात वाकबगार आहोत तेच केलं. पत्रक काढलं. बाबांनी मजकूर सांगितला, मी मोठ्या अक्षरात लिहिलं, दारावर चिकटवलं. 'भेटायला येणाऱ्या बंधुभगिनींनो! छर्रा काढलेला नाही. तो काढण्याची गरज नाही. इजा तो जाताना झाली, तो राहिल्याने होत नाही. बरं होणं म्हणजे छर्रा बाहेर येणं नव्हे, पाय हलणं होय. लेप, चुंबक, अंगारा आणू नये. आणायचंच असेल तर वांगी आणावीत, रुग्णास आवडतात.' खाली निमंत्रकांच्या जागी आत्याने आपला अंगठा उठवायचा हट्ट धरला. सही करता येते तिला, पण म्हणाली, सध्या अंगठ्यालाच महत्त्व आहे. पुढचा आठवडाभर वांगीच वांगी. एवढं यश आमच्या कुठल्याच पत्रकाला मिळालेलं नाही.

एक सकाळ तर अशी की ती लिहिताना अजून हसू येतं. दवाखान्यातून नळी लावून पाठवलं होतं, ती काढली होती, आणि लघवी आपोआप होते की नाही याची सगळे वाट बघत होतो. पाठीच्या दुखण्यात पायांआधी हेच बघतात. दुपारपर्यंत झाली नाही तर पुन्हा नळी. आईने नळ सोडून ठेवला, आवाजाने होते म्हणे. बाबा अंगणात येरझाऱ्या घालत होते. आणि आतून आत्याची आरोळी आली, "झाली वो वहिनी! झाली!"

बाबा चपला घालून थेट पेढे आणायला गेले. गल्लीत वाटायलाच सुरुवात केली. लोक विचारत, "पेढे कशाचे, साहेब? मुलीचं जमलं का?"

"बहिणीला लघवी झाली," बाबा ठणठणीत आवाजात सांगत. पुढच्या घरच्या आजोबांनी पेढा तोंडाशी नेला होता, तो क्षणभर थांबवला, आणि मग खाल्ला. पदवी मिळाली, नोकरी लागली, साखरपुडा झाला, याचे पेढे मी खूप खाल्लेत. कशाचाही पेढा इतका खरा नव्हता. ज्या शरीराचा आपण विचारही करत नाही ते रोज गुपचूप केवढं काम करत असतं! त्याच्या बाजूने एकही मोर्चा निघत नाही.

डावा अंगठा आईने पाहिला. शेंगा सोलता सोलता ऊन पायावर आलं होतं. आई ओरडली नाही. तिने सूप खाली ठेवलं, तोंडावर हात ठेवला आणि मला खुणेने बोलावलं. अंगठा वर उठत होता. केसभर. पुन्हा खाली. आत्या छताकडे बघत कुठल्यातरी लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगत होती, तिला पत्ताच नव्हता.

रविवारी पुंडलिकभाऊ आले. एसटीने, खांद्यावर संत्र्यांची पिशवी. दारावरचं पत्रक पूर्ण वाचलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"आत या न," आत्या म्हणाली. "बंदूक ठेवून आले का?"

"बंदूक पोलिसात जमा हाय, ताई."

"मंग या. भेव नाही."

ते बसले. संत्री सोलून एकेकाला देत राहिले, स्वतः एकही फोड खाल्ली नाही. त्यानंतर ते जवळजवळ दर रविवारी यायचे. एकदा आईने चहा दिला आणि मला राहवलं नाही. आत्याचं घर विहाराजवळचं, त्यांचं मंदिराजवळचं. आत्याच्या गावात हे दोन टोकांना असतं. मी विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी आमच्या लोकांसाठी वेगळा कप होता ना?"

बाबा खोकले.

"होता," पुंडलिकभाऊ म्हणाले. "आईच्या टायमाले. खिडकीत पालथा राहे. मी पाह्यला."

"आणि तुम्ही काय म्हटलं?"

"मी काही नाही म्हटलं." कप खाली ठेवून म्हणाले, "बोलाले पाह्यजे होतं."

"चहा थंडा होऊन राहिला," आत्या म्हणाली. "प्या. अन् कप खिडकीत नोका ठेवू, ही पोरगी लगेच पत्रक काढते."

ते हसले. पहिल्यांदाच. मी हसले नाही, पण कप धुवायला मी नेला. कप आणि बंदूक यांचा हिशोब वेगवेगळा मांडायचा असतो, एवढं मला त्या रविवारी कळलं. बंदुकीपायी तो माणूस दर रविवारी संत्री घेऊन येत होता. कपाबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमचं नाव श्वेता. पुण्याला शिकलेल्या, बोलणं मऊ, हाताची पकड लोखंडी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला परत काय करता यायला हवंय?" आत्याने सांगितलं. मॅडमनी लगेच हो म्हटलं नाही. त्या स्वतः फरशीवर उकिडव्या बसल्या, पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या, आपल्याच घोट्याला आणि मांडीला हात लावून बघत. "हे एक काम नाही, मावशी. घोटा पुढे वाकला पाहिजे, मांडीने ब्रेक लावला पाहिजे, आणि कंबरेने तोल सांभाळला पाहिजे. डाव्या पायाचा ब्रेक अजून लागत नाही. उभं राहण्यापासून सुरू करू आणि खाली येत जाऊ."

मग आमच्या घरात बसण्याची उतरंड सुरू झाली. आधी खुर्ची. खुर्चीवर हळूहळू बसायचं, धपकन नाही. मग तिच्याहून बुटकं स्टूल, मग न्हाणीतला पाट, त्याहून खाली दोन विटा, मग एक वीट. एकेका पायरीला आठवडे जायचे. डावा पाय लटलटायचा. कधी ती बसता बसता कोसळायची, मी मागून धरायचे, दोघी फरशीवर. "तुह्यी पुस्तकं सोड, अन् रोज ऱ्हाय अथी," ती म्हणायची, आणि मी आठवड्यातले निम्मे दिवस अमरावती-अकोला करायचे. एसटीच्या खिडकीतून तुरीच्या पेंढ्या, कापसाच्या गाड्या, चण्याची हिरवी शेतं, आणि त्यांच्याभोवती साड्या. साडी हलली की अजून मी तिच्याखाली कुणी बसलंय का ते बघते.

होळीच्या सुमारास ती एका विटेपर्यंत आली आणि तिथेच अडली. पुढे जाईना. मॅडम म्हणाल्या, "नसा मिलिमीटरने वाढतात, आपण महिन्याने मोजतो. घाई आपली आहे." आत्या चालत होती, वॉकर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत. चालणाऱ्या आत्याला बघून गल्लीने टाळ्या वाजवल्या. तिला त्याचं काही नव्हतं. तिचं लक्ष त्या विटेवर. ऊन चढलं, तशी ती वॉकर घेऊन गावी गेली. साल सुटायचे दिवस तिच्याशिवायच निघून गेले होते. डोळे दुसऱ्यांनी बांधले. ती म्हणाली, "लागले असतीन. डोया कोनी बांधला ते झाडाले कुठं मालूम ऱ्हायते." म्हणाली तशी, पण एसटीत बसताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर सगळे फोन असेच. चालते का? चालतो. काठीवर आली का? आली. जेवते का? जेवतो. वीट गेली का, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पाऊस गेला, सोयाबीन गेलं, थंडी आली, आणि परवा तो फोन.

आज सकाळी पहिल्या गाडीने गेले. चांदूर बाजारला उतरून ऑटो केला, रोपवाटिकेच्या फाटकाशी उतरले. धुकं नुकतंच उठत होतं. जंभेरीच्या रांगा एकासारख्या एक, ओल्या मातीचा आणि लिंबाच्या पानांचा वास. बायका कामाला लागल्या होत्या. फाटकाशी खांबाला टेकवलेली काठी दिसली, आत्याची. काठी इथे, तर ती कुठे? उभ्या असलेल्या बायकांत नव्हती. सावलीतल्या बाकड्यावर नव्हती. मी रांगांमधून चालत सुटले, मग जवळजवळ पळत.

ती मला उंचीमुळे दिसली नव्हती. रोपांच्या शेंड्याखाली तिचं डोकं होतं.

उकिडवी बसलेली. टाचा टेकलेल्या. डावा पाय जरा बाहेर फाकलेला, गुडघ्याला रुमाल आवळलेला. चाकूचं टोक सालीत, साल उचललेली, डोळा दोन बोटांत. तिने तो सरकवला, पट्टी ओढली, गाठ मारली. मग दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि खेकड्यासारखी, एकेक पाय उचलत, पुढच्या रोपापाशी सरकली.

मी तिथेच मातीत बसकण मारली.

"काय वं," ती म्हणाली, मान न वळवता. "तुले काय झालं? तुह्ये पाय गेले का?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाईपासून. म्हटलं सांगाव काहून, येशीन तवा पाह्यशीन." शेजारच्या रांगेतल्या बाईकडे बघून तिने डोळा मारला. ती बाई मला म्हणाली, "बसते बरोबर. पण उठता नाही येत तिले. आमी दोघी लागतो उचलाले. सकाळी बसवली की दुपारच्या भाकरीलेच उठवतो."

मी पटकन उठले. गुडघ्यांना माती, डोळे पुसलेले की न पुसलेले आठवत नाही. दोन्ही हात पुढे केले. "आत्या, थकली असशील. ये, मी उठवते तुला."

आत्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मग पुढच्या लांबच लांब रांगेकडे. पट्ट्यांचा जुडगा माझ्या हातात कोंबला आणि पुढच्या जंभेरीला चाकू लावला.

"बस खाली, अन् बांधत ये माह्या मागं," ती म्हणाली. "उठाची घाई कोनाले हाय?"